नळीतलं जाळं

आमच्या डॉक्टरांना लग्नाला बोलवायची लोकांनी धास्तीच घेतली होती. कारण साधं. एकदा आमच्या क्लार्कच्या लग्नात नवरदेवाचे मामा "दोन दिवस अंगात कणकण आहे" एवढंच बोलले, तर डॉक्टरांनी भर मांडवात त्या फेटेवाल्या माणसाच्या मानेला हात घातला आणि म्हणाले, "हनुवटी छातीला लावा." मामांनी बावचळून लावली. "आता तोंड मिटून लावा." तशीही लावली. मग डॉक्टर खूश होऊन हसले, "जेवा आता बिनघोर," म्हणाले आणि पंगतीत जाऊन बसले. मामांच्या फेट्याचे तोवर तीन तेरा वाजले होते आणि नवरीकडची मंडळी 'हे कोण?' म्हणून एकमेकांकडे बघत होती.

तापाचा माणूस दिसला की मान. मग तो एसटीचा कंडक्टर असो नाहीतर तहसीलदार. कोपरगावच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, एका ग्रामीण रुग्णालयात ते डॉक्टर होते आणि मी लॅब टेक्निशियन. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मेंदूच्या आवरणाला सूज आली की मान लाकडासारखी ताठ होते, पुढे वाकत नाही, हे आम्हा सगळ्यांना पुस्तकातून माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि रोज उठून मानेला हात लावून बघणं निराळं. डॉक्टर बघायचे. म्हणून मागून आम्ही त्यांना 'मानमोडे' म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. पुढे जे सांगायचंय त्याच्यापुढे हा अपराध अगदी किरकोळ आहे, पण सुरुवात इथूनच केलेली बरी.

उंचीला बेताचे, पायात कायम रबरी चपला, शर्टाच्या खिशात पेन नाही पण वर्तमानपत्राचा एक चतकोर तुकडा घडी करून ठेवलेला. तो तुकडा कशासाठी, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पेशंटच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं की ते नळीत घेऊन त्या छापील कागदापुढे धरायचे आणि नळीतून बारीक अक्षरं वाचायचे. "विकणे आहे, दुभती म्हैस, समक्ष भेटा," असं मोठ्याने वाचून दाखवायचे. अक्षरं स्वच्छ दिसली तर पाणी नितळ. अंधुक दिसली तर पू झालेला, म्हणजे धावपळ. म्हशीची ती जाहिरात मी इतक्यांदा ऐकली की ती म्हैस आमच्याच गोठ्यात बांधलीय असं वाटायचं.

"नितळ पाण्याला जास्त भ्यायचं, लॅबवाले," ते मला सांगायचे. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. मी लॅबवाले, सिस्टर त्या सुईवाल्या आणि शिपाई म्हणजे दारवाले. "गढूळ पाणी बोंबलून सांगतं. नितळ पाणी गप्प बसतं. टीबी गप्प बसणारा आहे."

पाणी काढायला नातेवाईक तयार नसायचे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, ही समजूत घरोघरी. दुसरा डॉक्टर असता तर सही घेऊन मोकळा झाला असता. हे मात्र चपला काढायचे आणि म्हणायचे, "माझं दोनदा काढलंय. बघा आता." आणि वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका पायावर उड्या मारत जायचे, दुसऱ्या पायावर परत यायचे. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि हसता हसता हो म्हणायच्या. त्यांचं खरंच कधी पाणी काढलं होतं की नाही, देव जाणे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उडी खरी होती ना?"

त्यांची आई ऊसतोडीला जायची. पाथर्डीच्या पलीकडचं कोरडवाहू गाव, दिवाळी झाली की बैलगाडीत संसार टाकायचा आणि कारखान्याच्या वाटेला लागायचं. त्यांचं अर्धं बालपण तळावरच्या पाचटाच्या कोपीत गेलेलं. त्यामुळे तोडणीवाले आले की डॉक्टरांची भाषा एका क्षणात बदलायची. आमच्याशी छापील बोलणारा माणूस एकदम "काय गं माय, कवाधरनं पडलीस?" म्हणायचा. आमच्यातल्या एकाने शोध लावला होता, की यांचं कुणीतरी जवळचं मेंदूज्वराने गेलं असणार, म्हणून हे मानेचं वेड. मी तोंडावरच विचारलं. "छे हो," ते म्हणाले. "सगळे जिवंत आहेत. मला कामच नीट करायला आवडतं." या उत्तराने आमची फार निराशा झाली.

पेशंटच्या माणसांना विचारायचे त्यांचे प्रश्नही असेच. ताप कधी आला, हे सगळ्यात शेवटी. आधी विचारायचे, "भांडायची कधी थांबली?" किंवा, "भाजीत मीठ दोनदा पडलं का?" मेंदूला टीबी झाला की माणूस आधी स्वभावातून जातो आणि मग अंगातून, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या गावचा एक शिंपी आठवतो. त्याला जीपमध्ये दोरीने बांधून आणला होता. वेड लागलंय, दारू चढलीय, बाहेरचं आहे, असं चौघांचं चार तऱ्हेचं चाललेलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला विचारलं, "शिवण कसं चाललंय?" ती म्हणाली, "धा दिवस झालं, बाह्या उलट्या जोडतोय. गिऱ्हाईक भांडून जातंय." डॉक्टरांचे डोळे असे चमकले की मला डॉक्टरांचीच भीती वाटली. मान वाकवली, तर ती वाकेना. पाणी काढलं, तर नितळ.

आणि मग ती नळी त्यांच्या वाळूत गेली. हे प्रकरण जरा नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. टीबीचं पाणी नळीत न हलवता उभं ठेवलं, की रात्रभरात त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं एक बारीक जाळं धरतं. वरून खाली लोंबतं. नळीला नुसता धक्का लागला तरी ते मोडतं, गोळा होतं आणि दिसेनासं होतं. आमचा दवाखाना रस्त्याला लागून. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या घेऊन दिवसरात्र जायचे आणि खिडकीच्या काचा वाजायच्या. म्हणून डॉक्टरांनी गोदावरीची वाळू आणून, धुऊन, वाळवून एका मोठ्या ट्रेमध्ये भरली होती. कापसाचा बोळा लावलेली नळी त्या वाळूत रोवून ठेवायची. वर स्वतःच्या अक्षरात पाटी: 'हलवू नये'. त्या टेबलाचा ड्रॉवर उघडायलाही बंदी. त्या ड्रॉवरमध्ये मी माझा डबा ठेवायचो, त्यामुळे मला त्या वाळूचा मनापासून राग होता.

शिंप्याच्या नळीत सकाळी जाळं आलं. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातल्या मावशींपासून शिपायापर्यंत सगळ्यांना बोलावलं. "या, या. लांबून बघा. श्वास जपून घ्या." मग मला म्हणाले, "काढा अलगद. रंगवा." मी ते जाळं काचपट्टीवर घेतलं, रंगवलं, आणि सूक्ष्मदर्शकातून तासभर शोधून मला त्यात दोन लाल काड्या सापडल्या. टीबीचे जंतू. मी ओरडलोच. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. शिंपी पुढे हिंडू-फिरू लागला, बाह्या सरळ जोडू लागला. त्याने डॉक्टरांना शर्ट शिवून आणला, तर ते म्हणाले, "रोग यांनी ओळखला, यांनाही एक शीव." तो शर्ट मी विरेपर्यंत घातला.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. जाळं म्हणजे काय, ते कुणाच्या जिवाशी बांधलेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी वर्षा-दोन वर्षांत कंटाळा आला. बहुतेक नळ्यांत काहीच नसायचं. सुरुवातीला मी खिडकीशी, उजेडात, वाकून बघायचो. मग उभ्या उभ्या बघू लागलो. मग जाता जाता. "काही नाही सर" हे वाक्य माझ्या जिभेवर तयारच असायचं आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. खोटं बोलायची सवय अशी खरं बोलता बोलताच लागते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

संक्रांतीच्या मागेपुढे एक तोडणीवाली आली. छबू नाव. वय पंचविसाच्या आतलं. सोबत नवरा आणि सासू. डोकं दुखतं, बारीक ताप, उलट्या. डॉक्टरांनी गाव विचारलं, पाथर्डी तालुका ऐकून खुलले आणि नेहमीच्या प्रश्नावर आले.

"भांडायची कवा थांबली?"

नवरा लाजला. सासू म्हणाली, "खरंय बाबा तुजं. लई तोंडाळ पोर. मुकादमाला बी सोडीत न्हाई. पन आठ रोज झालं, काय बी बोला, नुसती बगती."

मान थोडी ताठ होती. खूप नाही. पाणी काढलं, तर म्हशीची जाहिरात स्वच्छ वाचता आली. मी पेशी मोजल्या, त्या थोड्या वाढलेल्या. टीबीत पाण्यातली साखर उतरते, पण ती मोजायचं रसायन संपलेलं होतं. डॉक्टर लॅबमध्ये येऊन माझ्या स्टुलावर बसले. "साध्या विषाणूचं असेल तर ही आपोआप बरी होईल, लॅबवाले. टीबी असेल तर आजचा दिवससुद्धा महाग आहे. औषधं मोजकी येतात, वरचे पुरावा मागतात, आणि एकदा सुरू केली की हिला महिनोन् महिने सोडता येणार नाही. टोळी काय थांबणार आहे?" मग वाळूतल्या नळीकडे बघत म्हणाले, "उद्या सकाळी ही सांगेल."

दुसऱ्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी. मी आलो तेव्हाच रांग व्हरांड्याबाहेर गेली होती आणि नळ्या कमी पडत होत्या. आल्या आल्या कालच्या सगळ्या नळ्या गोळा करायच्या, साबणाच्या बादलीत टाकायच्या आणि ब्रश फिरवायचा, हे माझं रोजचं काम. हात आपोआप चालायचे. मी बायकांशी बोलत होतो, कुणाला तरी ओरडत होतो, आणि हातात कापसाचा बोळा राहिला तेव्हा कळलं. बोळा फक्त त्या एकाच नळीला होता.

नळी धुतली गेली होती. ब्रशच्या टोकाला पांढुरकं, तंतूसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. कापूस असेल. बोळ्याचा कापूस सुटतोच की. मी बघत राहिलो, आणि मग ब्रश नळाखाली धरला.

तेवढ्यात डॉक्टरांची मोपेड वाजली. ते सरळ आत आले. "काय म्हणते नळी?"

एवढंच सांगायचं होतं की सर, चूक झाली, नळी धुतली, पुन्हा पाणी काढावं लागेल. ते चिडले असते. दोन मिनिटं बोलले असते. रांगेतल्या बायकांसमोर बोलले असते, एवढंच. मला त्या बायकांची लाज वाटली. ज्या बायकांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती, त्यांच्यासमोर माझा पाणउतारा होऊ नये म्हणून मी म्हणालो,

"काही नाही सर. स्वच्छ."

त्यांनी मान हलवली आणि गेले. माझ्या शब्दावर त्यांनी कधीच शंका घेतली नव्हती, त्या दिवशीही घेतली नाही.

तीन दिवसांनी छबूला जरा बरं वाटलं. उठून बसली, भाकरी खाल्ली. टोळीला दुसऱ्या फडावर जायचं होतं. नवरा म्हणाला, "न्हेतो साहेब. तितं बी दवाखाना हाय." जाळं आलं असतं तर डॉक्टर दारात आडवे पडले असते, तसं एकाच्या बाबतीत मी त्यांना खरोखर आडवं पडलेलं पाहिलंय. पण जाळं नव्हतं. ते म्हणाले, "आठ रोजांनी आन. पुन्हा पाणी काढू. ती नुसतीच बगाय लागली, तर आठ रोज बी थांबू नगंस." मी खिडकीतून बघत होतो. ती चालत गेली, तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. मला वाटलं, चला, सुटलो. बरी झाली म्हणजे साधंच असणार.

दहाव्या दिवशी तिला ट्रॉलीत घालून आणलं. डावा डोळा आत वळला होता. हाक मारली तर ओ नाही, चिमटा घेतला तर हात हलेना. डॉक्टरांनी पाणी काढलंच नाही, कागदही काढला नाही. टीबीचं पहिलं इंजेक्शन स्वतःच्या हाताने दिलं, चिठ्ठी लिहिली आणि अँब्युलन्समध्ये घालून नगरला पाठवलं. स्वतः तिच्यासोबत गेले. ती तिथे चार दिवस जगली.

नवरा परत आला तो आमची चादर द्यायला. अँब्युलन्समध्ये तिच्या अंगावर टाकलेली सरकारी चादर त्याने धुऊन, घडी करून आणली होती. वॉर्डात कुणी नव्हतं म्हणून माझ्या हातात दिली. "तुमी लोकांनी लई केलं, साहेब," तो म्हणाला. "आमचंच नशीब." मी चादर घेतली. 'बस, चहा घे' असंही मला म्हणता आलं नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टर लॅबमध्ये आले. स्टुलावर बसले. मग म्हणाले, "लॅबवाले, रागावू नका. विचारतोय फक्त. त्या दिवशी नळी उजेडात धरून पाहिली होती ना?"

कबुलीचं दार सताड उघडं होतं. त्या माणसाच्या आवाजात आरोप नव्हता, उलट मला दुखावण्याची भीती होती. मी तेव्हा बोललो असतो तर छबू परत आली नसती, पण निदान मी तरी माणसात राहिलो असतो. मी म्हणालो, "हो सर. दोनदा पाहिली."

"मग मीच चुकलो," ते म्हणाले. "जाळ्यावर विसंबलो. नसलं तरी रोग असू शकतो, हे मला माहीत होतं. तरी विसंबलो." आणि त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. चाळिशीतला माणूस, पोरासारखा रडला. मी त्यांना पाणी दिलं. खरंच दिलं, पेला विसळून.

त्यानंतर ते बदलले. उड्या मारणं बंद झालं. जाळ्याची वाट बघणंही बंद झालं. संशय आला की औषध सुरू, पुरावा नंतर. त्यासाठी वरच्यांशी भांडले, मेमो घेतले, बदलीची धमकी खिशात घालून फिरले. पण त्यांच्या त्या घाईने तीन-चार माणसं तरी नक्की वाचली; मी त्यांची नावं सांगू शकतो. कधी कधी मी मनाशी हिशेब मांडतो, की माझ्या खोट्यातून हे एवढं चांगलं निघालं. मग माझीच मला किळस येते.

दशक संपत आलं तेव्हा श्रीरामपूरला नव्या डॉक्टरांसाठी एक शिबिर झालं. तोवर आमच्या डॉक्टरांचं नाव झालं होतं, मेंदूज्वरावर बोलायला त्यांनाच बोलावलं. सूक्ष्मदर्शक मांडायला ते मला घेऊन गेले. त्यांनी मान कशी बघायची ते दाखवलं, भांडण कधी थांबलं ते विचारायला सांगितलं, सगळे हसले. मग त्यांनी छबूची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण सगळी. सासूचं वाक्यसुद्धा.

"आणि नळी स्वच्छ होती," ते म्हणाले. "कुणी म्हणेल टेक्निशियनने नीट बघितलं नसेल. तर आमचे टेक्निशियन इथे बसलेत. यांनी दोनदा बघितलं होतं. यांच्या डोळ्यांवर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा आहे. चूक नळीची नाही, यांची नाही, माझी होती. तुम्ही ही चूक करू नका."

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी वाजल्या. मी उठून नमस्कार केला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, की म्हणजे जाळं अजिबात नव्हतं, की थोडं काही दिसत होतं? डॉक्टर माझ्याकडे वळले. कौतुकाने म्हणाले, "या, तुम्हीच सांगा. तुम्ही पाहिलंय."

मी पुढे गेलो. माईक हातात घेतला. नळी खिडकीशी कशी धरायची, किती वाकून बघायचं, उजेड मागून कसा यायला हवा, सगळं सांगितलं.

"अगदी स्वच्छ होती," मी म्हणालो. "तळापर्यंत दिसत होतं."

समोरचे सगळे वहीत लिहून घेत होते.